शेतातल्या काळ्या मातीचा इलेक्ट्रोड: विहिरीचं पाणी तपासता येईल का?

चिखलपाय

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय विश्लेषणात्मक रसायनशास्त्र. प्रकल्पाला सहा महिने होते, त्यातला एक विषय ठरवण्यातच गेला. शेवटी सर म्हणाले, "नैसर्गिक माती वापरून इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर कर, पाण्यातले प्रदूषक शोध." बस, एवढंच. कोणती माती, कोणता प्रदूषक, ते माझं मी बघायचं.

माती घरची आहे, काळी, खोल. गेल्या मे महिन्यात तिच्या भेगेत माझी एक चप्पल गेली, ती अजून वर आलेली नाही. शेताच्या कडेला विहीर. कापूस, सोयाबीन, युरियाची पोती, तणनाशकाचे कॅन, सगळं तिथंच. म्हणून वाटलं, याच मातीचा इलेक्ट्रोड करावा आणि याच विहिरीतलं नायट्रेट मोजावं. जमलं तर शिसं आणि पॅराक्वाट हे तणनाशकही.

विभागात आहे ते असं: एक पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र; चालतो, पण त्याचा संगणक विंडोज एक्सपीचा), एक ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स, प्लॅटिनमची तार. खनिज ओळखणारं एक्स-रे यंत्र (एक्सआरडी) नाही. सेंट्रिफ्यूज आहे, पण मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या वर नेला की टेबलासकट चालायला लागतो.

काल उत्साहाच्या भरात माती खलात वाटली, पाण्यात कालवली आणि एक थेंब ग्लासी कार्बनवर वाळवला. द्रावणात बुडवल्याबरोबर पापडी सुटून तळाला. आलेख म्हणजे सरळ रेघ. कुठून सुरुवात करू? अरे-तुरे केलंत तरी चालेल.

जांभा_चिरा

चप्पल गेली म्हणजे माती चांगली आहे, असं आमचे एक सर म्हणायचे. आमच्या कोकणातल्या मातीत चप्पल जात नाही, अंगठा फुटतो. जांभ्याखाली पांढरी चिकणमाती मिळते, दिसायला गोरीपान, पण ती बहुतेक केओलिनाइट. मी बी.एस्सी.ला तिच्यात मेथिलीन ब्लू (धनभारित निळा रंग) ओतून पाहिलं होतं, निळं पाणी फारसं फिकं झालंच नाही. तुझ्या काळीत ओतून बघ, फरक लगेच कळेल.

मलाही एक विचारायचं आहे: गणपतीच्या शाडूचं काय? पेणच्या कारखान्यात पोत्यांनी येते ती चालेल का?

तुरटी

पोरी, आधी नायट्रेट डोक्यातून काढ. बाकीचं नंतर.

काळी माती म्हणजे मुख्यतः स्मेक्टाइट गटातली खनिजं, त्यात माँटमोरिलोनाइट. दख्खनचा बेसॉल्ट कुजून ती झाली. तिचा एकेक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाड. दोन बाजूंना सिलिकाचे थर, मध्ये ॲल्युमिनाचा. मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. तीन धनभारांच्या जागी दोनच, म्हणून अख्खा पापुद्रा ऋणभारित राहतो. ही तूट भरून काढायला पापुद्र्यांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम असे धन आयन येऊन राहतात. ते भाडेकरू आहेत, मालक नव्हेत. त्यांना उठवून शिसं, कॅडमियम, तांबं तिथं बसू शकतं. सेन्सरमागची सगळी कल्पना एवढीच: माती पाण्यातलं शिसं गोळा करते आणि इलेक्ट्रोड ते मोजतो.

नायट्रेटवर भार ऋण. ऋणाच्या दारात ऋण उभं केलंस तर दार उघडणार कोण? तुझ्या शेतातला युरिया नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो तोही याच कारणाने, माती त्याला धरत नाही. आर्सेनेट आणि क्रोमेटची गोष्टही तीच. विहिरीतलं नायट्रेट जरूर मोज, पिण्याच्या पाण्याला ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे आणि आपल्या भागात ती ओलांडलेली मी पुष्कळ पाहिली आहे. पण ते यूव्ही प्रकाशाच्या यंत्रावर २२० नॅनोमीटरला मोज, तासाभरात होईल. प्रबंधात परिशिष्ट म्हणून लाव.

पॅराक्वाटचं उलटं. त्याच्यावर दोन धनभार, रेणू चपटा, पापुद्र्यांत असा शिरतो की निघता निघत नाही. म्हणून पॅराक्वाट पोटात गेलेल्या माणसाला मुलतानी माती किंवा बेंटोनाइट पाजायची पद्धत होती. इलेक्ट्रोडवर ते सुरेख दिसतं, उणे ०.७ व्होल्टच्या आसपास पीक (शेतातलं नव्हे, आलेखातलं टोक) येतं. मात्र ऑक्सिजनही साधारण तिथंच क्षपण पावतो, त्यामुळे आधी १० मिनिटं नायट्रोजन सोडावा लागतो. पण तुझ्या विहिरीत पॅराक्वाट सापडेल का? मला शंका आहे. फवारल्यावर जे खाली पडलं ते वरच्या चार बोटं मातीनेच गिळलेलं असणार. जी माती तुला इलेक्ट्रोडवर हवी आहे ती शेतात आधीच तुझं काम करून बसली आहे. पंप धुतात त्या ओढ्यातलं पाणी घेतलंस तर कदाचित मिळेल.

म्हणून शिसं घे. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. (कॅडमियमची ०.००३, ते पुढचं.) थेट मोजायला हे फार कमी आहे, आणि अशा ठिकाणीच आधी गोळा करणाऱ्या मातीचा खरा उपयोग होतो.

आता माती. तू शेतातली तशीच वापरलीस, तिथं चुकलं. त्यात वाळू आहे, चुनखडी आहे, कुजकं आहे. हा क्रम धर:

मोठे खडे आणि मुळ्या काढून माती चाळ. थोडीशी बाजूला घेऊन तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाक. फसफसली तर चुनखडी आहे, आणि तुझ्याकडे असणारच. पण सगळी माती आम्लात घालू नकोस, पापुद्रेच खाल्ले जातील. पीएच ५ च्या ॲसिटेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ढवळत ठेव, बुडबुडे थांबेपर्यंत. मग हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं, मोठ्या बीकरमध्ये. मी एकदा २५० मिलिलिटरच्या बीकरमध्ये केलं होतं, फेस टेबलावरून माझ्या पँटवर. मग १ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये रात्रभर ढवळून सेंट्रिफ्यूज, असं तीनदा. मीठ प्रयोगशाळेचं घे, घरचं आयोडीनवालं नको. मग ऊर्ध्वपातित पाण्याने धूत राहा.

धुताना एक गंमत होते. पहिल्या एक-दोन धुण्यांत माती शहाण्यासारखी तळाला बसते. मीठ निघून गेलं की ती बसायचं नावच घेत नाही, वरचं पाणी चहासारखं गढूळ राहतं. नवीन मुलांना वाटतं काहीतरी बिघडलं आणि ती हे पाणी ओतून देतात. अगं, तीच तुझी माती! पापुद्रे सुटे झालेत. (माझं इथलं नाव याच कारणाने ठेवलंय, आजी हंड्यात जे फिरवायची त्याचं काम नेमकं याच्या उलट.) तुझा सेंट्रिफ्यूज इथं पुरणार नाही. डायलिसिसची नळी मिळाली तर तिच्यात भरून पाण्यात सोड आणि पाणी बदलत राहा, सिल्व्हर नायट्रेटने पांढरं येणं थांबेपर्यंत, म्हणजे मीठ संपलं.

शेवटी उंच बरणीत ढवळून ठेव. २० अंश तापमानाला २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली यायला साधारण ८ तास घेतो. आपल्याकडे ३० अंशाला पाणी पातळ होतं, साडेसहा तासांच्या आतच उतरतो. तेवढ्या वेळाने वरचं १० सेंटिमीटर पाणी नळीने ओढून घे, ६० अंशाला वाळव, वाट.

जांभा_चिरा, शाडूबद्दल छातीठोक सांगत नाही. बरीचशी भावनगरकडून येते असं ऐकत आलोय, पण आत कोणतं खनिज आहे हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. मेथिलीन ब्लू लावून बघा. त्यावरून माती किती धनभार धरते ते कळतं: माँटमोरिलोनाइट असेल तर १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट येतं, केओलिनाइट ३ ते १५ वर संपतं.

भावनगरवरून आठवलं. मातीचा लेप दिलेला इलेक्ट्रोड पहिल्यांदा नीट मांडला तो १९८३ साली टेक्सासमध्ये ॲलन बार्ड आणि पुष्पितो घोष यांनी. हेच घोष पुढे भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेचे संचालक झाले.

चिखलपाय

सर, खूप आभार. नायट्रेट सोडलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "मला माहीतच होतं, तू शोधतेस का ते बघत होतो." असो.

मेथिलीन ब्लू केलं. एक ग्रॅम माती पाण्यात ढवळून थोडं थोडं निळं टाकत गेले आणि दर वेळी काचकांडीने एक थेंब फिल्टर पेपरवर. मधल्या गडद ठिपक्याभोवती फिकट निळं कडं दिसलं की थांबायचं, बरोबर ना? न धुतलेल्या मातीला ५२ आलं, धुतलेल्या बारीक भागाला ८८. वर्गातल्या चौघी बघायला जमल्या होत्या. आई म्हणाली, उजाला कशाला वाया घालवतेस.

पण इलेक्ट्रोडचं अजून अडलंय. धुतलेल्या मातीचा थेंब टाकला, आता पापडी सुटत नाही पण पीकही येत नाही.

मातकट

मी सध्या फ्रान्समध्ये पोस्टडॉक करतेय, मूळची साताऱ्याची. मातीचे इलेक्ट्रोड हेच रोजचं काम आहे म्हणून मध्ये तोंड घालते.

थेंब किती जाड टाकलास? माती वीज वाहत नाही. थर जाड झाला की खाली इलेक्ट्रोड आणि वर द्रावण, मध्ये भिंत. लिटरला ५ ग्रॅमपेक्षा दाट नको, आणि ३ मिलिमीटरच्या चकतीवर ५ मायक्रोलिटर बास. वाळल्यावर डोळ्यांना जेमतेम दिसला पाहिजे. दिव्याखाली घाईने वाळवलास तर तुझ्या शेतासारख्याच भेगा पडतील, झाकून सावकाश वाळू दे.

खरं सांगू का, तुझ्या परिस्थितीत लेपाच्या नादी लागूच नकोस. कार्बन पेस्ट कर. ग्रॅफाइटची पूड, त्यात वजनाने ५ ते १० टक्के माती, आणि पॅराफिन तेल, एकूण पेस्टच्या साधारण ३० टक्के. खलात अर्धा तास मळ, अगदी काजळासारखं झालं पाहिजे. इन्सुलिनच्या सिरिंजचं टोक कापून त्यात ठासून भर, मागून तांब्याची तार. एका बाजूला हवा राहिली की सगळं बोंबलतं. पृष्ठभाग खराब झाला की दट्ट्या थोडा पुढे ढकलायचा आणि साध्या कागदावर घासायचा, नवा इलेक्ट्रोड तयार. माती वाढवली की पीक वाढेल असं वाटतं, पण १५ टक्क्यांच्या पुढे पेस्ट ढासळते आणि मागचा करंटही चढतो, असा माझा अनुभव.

मोजताना दोन वेगळी भांडी ठेव. पहिल्यात नमुना, पीएच ५ च्या जवळ, इलेक्ट्रोडला कोणताही व्होल्टेज न देता ढवळत १० मिनिटं. इथं फक्त माती काम करते. पीएच ३ ला नेलंस तर हायड्रोजन आयनच जागा अडवतील, ७ च्या वर शिसं हायड्रॉक्साइड होऊन बसेल. मग इलेक्ट्रोड धुऊन दुसऱ्या भांड्यात, स्वच्छ ॲसिटेट बफर, पीएच ४.५. उणे १.२ व्होल्टला मिनिटभर धरून मातीतलं शिसं धातू कर, मग व्होल्टेज उलटं वर ने. उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास शिसं बाहेर पडताना पीक देतं. कॅडमियम असेल तर त्याच्या अलीकडे, उणे पाऊणच्या सुमारास. असं दोन भांड्यांत केलं की विहिरीतला बाकीचा कचरा पहिल्याच भांड्यात राहतो.

स्थानिक मातीच कशाला, विकतचं बेंटोनाइट घे, असं कुणी तोंडी परीक्षेत म्हणालं तर कॅमेरूनचं उदाहरण दे. इग्नास टोन्ले, इमॅन्युएल न्गामेनी या तिथल्या संशोधकांनी इथल्या, फ्रान्समधल्या नान्सीच्या अलँ वाल्कारियस यांच्यासोबत आपल्या देशातल्या मातीवरच वर्षानुवर्षं काम केलंय, मातीला सेंद्रिय गट जोडून पारा आणि शिसं पकडण्यापर्यंत. आणि नायट्रेटचं दार अगदीच बंद नाही बरं का तुरटीकाका, सीटीएबीसारखा लांब शेपटीचा धनभारित साबण भरपूर घातला की मातीचा भार फिरतो आणि ती ऋण आयन धरायला लागते. पण सहा महिन्यांतले पाच उरलेत, म्हणून गप्प बसते.

तुरटी

काका म्हणालीस, चालेल. सीटीएबीचं बरोबर आहे. पण हिला आत्ता सांगू नकोस, उद्या पुन्हा नायट्रेट काढून बसेल.

पेस्टचं पटलं. आता मी स्वतः जिथं तोंडावर पडलो ते सांगतो. पाणी तपासणीच्या एका प्रयोगशाळेत होतो तेव्हाची गोष्ट. नाव कशाला. ऊर्ध्वपातित पाण्यात शिशाची रेषा इतकी सरळ आली होती की मी साहेबांना पेढे दिले. आठवड्याने आमच्या गावच्या विहिरीचं पाणी आणलं, त्यात मुद्दाम लिटरला २० मायक्रोग्रॅम शिसं घातलं, आणि आलं ६. पुन्हा केलं, ७. दोन दिवस इलेक्ट्रोडला शिव्या घातल्या.

दोष इलेक्ट्रोडचा नव्हता. हिशोब कर. आपल्या दगडातल्या विहिरीत लिटरला ८० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे काही विशेष नाही. ते झालं २ मिलिमोल. शिसं १० मायक्रोग्रॅम म्हणजे जेमतेम ०.०५ मायक्रोमोल. शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे चाळीस हजार. मातीला शिसं जास्त आवडतं हे खरं, पण लग्नाच्या पंगतीत चाळीस हजार जण घुसले तर नवरदेवाला तरी पाट मिळेल का?

म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यातली रेषा विहिरीला लावू नकोस. त्याच पाण्यात भर घालत मोज. १० मिलिलिटर नमुना घे, मोज. लिटरला १० मिलिग्रॅमच्या प्रमाण द्रावणाचे १० मायक्रोलिटर टाक, म्हणजे शिसं लिटरला बरोबर १० मायक्रोग्रॅमने वाढलं. मोज. असं चारदा, आणि दर वेळी पृष्ठभाग नवा, नाहीतर आधीचं शिसं मातीत तसंच असतं. रेषा मागे वाढवून आडव्या अक्षाला जिथं मिळेल ते तुझं उत्तर. उतार कमी येईल, येऊ दे. कॅल्शियमचा मार त्यात धरला गेला.

आणि ब्लँक. मातीच्या इलेक्ट्रोडला शिसं न घातलेल्या बफरमध्ये आधी पाच-सहा वेळा चालव. नैसर्गिक माती आहे, तिच्यात स्वतःचं लोखंड असतं, कधी शिशाचा अंशही. तो तुझ्या विहिरीच्या नावावर टाकू नकोस.

चिखलपाय

तीन आठवडे गायब होते, परीक्षा होत्या.

पेस्ट जमली. पहिल्या दोन सिरिंजमध्ये हवा होती, तिसरी ठीक. नुसत्या ग्रॅफाइटच्या पेस्टला २० मायक्रोग्रॅमवर नुसता उंचवटा येतो, माती घातलेल्याला नीट टोकदार पीक, उणे ०.५३ ला. तो आलेख फोनच्या पडद्यावर लावलाय.

विहिरीत भर घालून मोजलं तर शिसं ब्लँकच्या वर येतच नाही. वडील म्हणाले, मग काय फुकट गेलं का सगळं. पण गंमत म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नळाचं पाणी तुलनेसाठी घेतलं, तर त्यात १४! मुख्य टाकीवरून थेट घेतलं तर पुन्हा काही नाही. सरांना दाखवलं, ते म्हणतात तुझा इलेक्ट्रोड बिघडलाय.

तुरटी

नळाची तोटी पितळी आहे का? आणि पाणी सकाळी आल्या आल्या घेतलंस का?

चिखलपाय

पितळी. आणि हो, मी साडेआठला येते, तेव्हा मामांनी नुकतं कुलूप उघडलेलं असतं.

तुरटी

पितळेत शिसं असतं, कातायला सोपं जावं म्हणून घालतात. रात्रभर तोटीत थांबलेलं पाणी ते उचलतं. उद्या सकाळी पहिला पेला घे, मग पाच मिनिटं नळ सोडून दुसरा घे. दोन्ही प्लास्टिकच्या बाटलीत, वर नायट्रिक आम्लाचे दोन थेंब. मोजायच्या आधी पीएच परत ५ वर आणायला विसरू नकोस, नाहीतर माती काहीच धरणार नाही आणि तू मला रात्री अकराला मेसेज करशील.

चिखलपाय

पहिला पेला १६, पाच मिनिटांनंतरचा ब्लँकइतकाच. तीनदा केलं. पहिल्यांदा पीएच विसरले होते, पण मेसेज केला नाही.

सर स्वतः बाटली घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या नळाचं पाणी आणायला गेलेत. तोटी स्टीलची आहे ती. मातकटताई, एवढ्यात कॅडमियमचं पीक शिशापासून किती लांब येतं ते पेस्टवर बघून ठेवते, सर आले की तेच विचारणार.